चूक कुणाच्या नावावर मांडायची?

शेतीविषयक एका मासिकात मी उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका सकाळी कार्यालयातला फोन वाजला. पलीकडे मिरची लावणारे एक शेतकरी होते. "साहेब, तुमच्या या अंकात पंधरा लिटरच्या पंपाला पन्नास मिली औषध लिहिलंय. दोन सऱ्या मारल्या आणि वास फार उग्र यायला लागला म्हणून हात थांबवला. पानं करपलीत. माझं जाऊ द्या, पण दुसऱ्या कुणी मारायच्या आत काहीतरी करा." मी लेखकाचं हस्तलिखित काढून पाहिलं. तिथे स्वच्छ अक्षरात ५ मिलि होतं. शेवटचं प्रूफ मीच वाचलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात माझी सही होती.

दुपारपर्यंत मी शुद्धिपत्राचा मजकूर लिहिला : गेल्या अंकात मुद्रणदोषामुळे औषधाचं प्रमाण चुकीचं छापलं गेलं, वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. संपादकांनी तो वाचला आणि 'मुद्रणदोष' या शब्दाखाली रेघ ओढली. "छापखान्याचा काय दोष यात? आपण दिलं तेच त्यांनी छापलं. कुठलं पान, कुठला आकडा, ज्यानं फवारून टाकलंय त्यानं आता काय करायचं, हे कुठे आहे? पुन्हा लिही." दुसऱ्या मजकुरात पान क्रमांक आला, ५० च्या जागी ५ हवेत हे आलं, शेवटचं प्रूफ वाचताना आकडे हस्तलिखिताशी ताडून पाहिले नाहीत हे आलं, आणि फवारणी झालेल्या झाडांची तोडणी थांबवून लगेच कळवावं अशी सूचना आली. पुढच्या अंकापर्यंत थांबलो असतो तर महिना गेला असता. म्हणून त्या रात्री सगळ्यांनी बसून वर्गणीदारांच्या पत्त्यांवर पोस्टकार्डं लिहिली.

त्या दोन मजकुरांमधलं अंतर इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. चूक कबूल करायला मन मोठं लागतं, असं आपण मानतो. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. धर्म, मानसशास्त्र, वैद्यक, विमानवाहतूक, राजकारण आणि आपलं घर, अशा निरनिराळ्या ठिकाणी माणसांनी या प्रश्नाचं काय केलं हे पाहत गेलो, तेव्हा मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जिथे चुकीचा तपशील कर्त्याच्या नावासकट सांगितला गेला, तिथे माणसं आणि संस्था पुढे गेल्या. जिथे नुसती माफी मागितली गेली, तिथे चूक काही दिवस दबा धरून बसली आणि परत आली.

आधी भाषेकडे पाहू, कारण पळवाट तिथूनच निघते. 'मी बशी फोडली' असं मराठी माणूस सहसा म्हणत नाही. 'बशी फुटली' म्हणतो, फार तर 'माझ्या हातून फुटली'. काम 'राहून जातं', फाइल 'गहाळ होते', निरोप द्यायचा 'विसरला जातो'. सरकारी खुलाशात हेच 'नजरचुकीने' आणि 'अनवधानाने' होतं. या रचना वाईट नाहीत. हेतू नव्हता हे त्यांतून सौजन्यानं सांगता येतं. पण त्यांची सवय लागली की वाक्यातला कर्ता कायमचा रजेवर जातो. याच भाषेत दुसरी सोयही आहे. चूक, चुकवणं आणि चुकतं करणं हे शब्द कानाला एकाच घरातले वाटतात. आपण नजर चुकवतो, कर चुकवतो, आणि त्याच दमात वाण्याचा हिशेब चुकता करतो. जुन्या हिशेबाच्या कागदांवर शेवटी 'चूक भूल द्यावी घ्यावी' असं लिहिलेलं असे. त्यातलं 'द्यावी घ्यावी' मला फार मोलाचं वाटतं. बेरीज चुकली असेल तर फरकाची रक्कम इकडून तिकडे जाईल, असं ते आश्वासन होतं. त्यात क्षमेची याचना नव्हती, भरपाईची तयारी होती.

धर्मपरंपरांनी या प्रश्नावर फार विचार केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत : आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. म्हणजे चुकल्यानंतर काय करायचं, हा एक तृतीयांश विषय. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्तांचा जो पट मांडला आहे, तो वाचताना दोन गोष्टी जाणवतात. एक, केलेलं पाप लोकांसमोर सांगणं आणि त्याचा अनुताप होणं यांना मनुस्मृतीनेही पाप फेडण्याच्या साधनांत जागा दिली आहे. दुसरी गोष्ट क्लेशकारक आहे. एकाच कृत्याचं प्रायश्चित्त वर्णानुसार बदलत असे. चुकीचं वजन माणसाच्या जन्मावरून ठरायला लागलं की जबाबदारी ही कल्पनाच मोडते. शिवाय कर्मकांडाचा भार वाढला तसं प्रायश्चित्त ज्याचं नुकसान झालं त्याच्यापासून दूर गेलं आणि दान-दक्षिणेत विरलं.

बौद्ध भिक्खुसंघाची रीत मला यापेक्षा अधिक नेमकी वाटते. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी नियमांचं पठण होई आणि ज्याच्या हातून नियम मोडला असेल त्यानं ते सांगायचं असे. वर्षावास संपताना पवारणा असे. तीन महिने एकत्र राहिलेला प्रत्येक भिक्खू उभ्या संघाला विनंती करी की माझ्याविषयी काही पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर मला सांगा. सह्याद्रीतल्या लेण्यांच्या थंड ओट्यावर बसलं की मला या विनंतीची आठवण होते. स्वतःची चूक स्वतःला दिसेलच असं नाही, हे त्या विधीनं गृहीत धरलं होतं. जैनांच्या संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागताना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती माणूस कबुलीसाठी पाद्रीपुढे गुडघे टेकतो. जैन रीत माणसाला माणसाकडे पाठवते. मोबाइलवर एकाच वेळी दोनशे जणांना तोच संदेश गेला की मात्र तिचा गाभा हरवतो, कारण कुणाचं काय दुखावलं हे त्यात कुठेच नसतं.

मन असं का वागतं, याचं एक उत्तर लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली दिलं. आपण चांगले आहोत हा समज आणि आपण वाईट वागलो ही वस्तुस्थिती एकत्र नांदू शकत नाहीत. मग मन वस्तुस्थितीला मुरड घालतं. त्यानं मला चिडवलंच होतं, सगळेच असं करतात, एवढं काही बिघडलं नाही. कॅरल टॅव्हरिस आणि इलियट अ‍ॅरन्सन यांनी याच सूत्रावर २००७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याशी खोटं बोलण्यापेक्षा स्वतःला पटवून देणं अधिक घातक असतं, कारण तिथे खोटं बोलतोय हे माणसाला कळतच नाही.

जून टँग्नी यांच्या संशोधनानं आणखी एक भेद ठळक केला. 'मी वाईट केलं' ही अपराधाची जाणीव वेगळी आणि 'मी वाईट आहे' ही शरम वेगळी. पहिली माणसाला दुरुस्तीकडे नेते. दुसरी लपायला, नाहीतर उलट हल्ला करायला लावते. त्याला जोडून २०१२ साली ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या प्रयोगांत आढळलं की स्वतःच्या चुकीकडे करुणेनं पाहणाऱ्यांत सुधारण्याची इच्छा अधिक असते. आपल्याकडे अनेक पालकांना आणि शिक्षकांना हे उलटं वाटतं. लेकराला पुरेसं लाजवलं की ते सुधारेल, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. 'शंभरदा सांगितलं होतं ना!' हे ऐकलेलं मूल पुढच्या वेळी फुटलेल्या पेल्याचे तुकडे कपाटामागे सारतं. 'आधी सॉरी म्हण' असं दटावून म्हणवून घेतलं की ते सॉरी म्हणतं आणि पळतं. सांडलेल्या दुधाजवळ त्याच्या हाती फडकं दिलं, फरशी कशी पुसायची ते दाखवलं, पेला कडेला का ठेवायचा नाही हे त्याच्याकडूनच वदवून घेतलं, तर त्या पाच मिनिटांत जबाबदारीचे सगळे भाग येऊन जातात. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीच्या सहा घटकांची तुलना केली. जबाबदारी उघडपणे स्वीकारणं सर्वांत प्रभावी ठरलं आणि भरपाईची तयारी त्याखालोखाल. क्षमा करा, ही विनंती सर्वांत कमी प्रभावी ठरली. आपण मुलांना नेमकी तेवढीच शिकवतो.

वैद्यकातला एक माणूस मला या संदर्भात फार जवळचा वाटतो. बोस्टनचा शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन. रुग्ण घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे रुग्णालयांनी शोधलं पाहिजे आणि प्रसिद्ध केलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. तो कुणाला रुचला नाही, तेव्हा त्यानं स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं. १९११ ते १९१६ या काळात तिथून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदींत त्यानं १२३ चुका मोजल्या, त्यांचं वर्गीकरण केलं आणि ते छापून वाटलं. ज्ञान अपुरं होतं, कौशल्य अपुरं होतं, की निर्णय चुकला, असा तो हिशेब होता. त्याच्या हयातीत त्याच्या वाट्याला मुख्यतः रोष आला.

१९९९ साली अमेरिकेतल्या वैद्यक संस्थेच्या अहवालानं तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार मृत्यू होतात असा अंदाज मांडला, तेव्हा कॉडमनचं म्हणणं पुन्हा ऐकलं जाऊ लागलं. त्याच दशकात एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. उलगडा असा झाला की तिथे चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून ती सांगितली जात होती. इतर ठिकाणी चुका होत होत्या आणि गिळल्या जात होत्या. आपल्याकडे 'आमच्या विभागात एकही तक्रार नाही' हे अभिमानानं सांगितलं जातं. ते ऐकलं की मला तो अभ्यास आठवतो आणि काळजी वाटते.

शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांच्या घराची मुळं विदर्भात. त्यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच ना, शेवटी बोळे मोजले ना, असे साधे प्रश्न, आणि ते मोठ्यानं विचारायचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाले : मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी केलेली आणि कुणीतरी न लपवलेली चूक आहे.

विमानवाहतुकीनं हे वैद्यकाच्या बरंच आधी ओळखलं होतं. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येणारं एक प्रवासी विमान वादळी हवेत डोंगराला धडकलं. विमानातले सर्व ९२ जण गेले. नियंत्रकानं उतरण्यासाठी दिलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता खाली आलं तरी चालेल' असा घेतला होता. चौकशीत कळलं की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी तिथेच तोच अर्थ घेतला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीला सांगितलंही होतं. कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ते शब्द कंपनीच्या कुंपणाबाहेर गेले नाहीत.

त्यातून १९७६ साली एक यंत्रणा उभी राहिली. वैमानिकानं आपली चूक लिहून कळवायची, पण दंड करणाऱ्या खात्याला नाही, नासाला. नासा नाव काढून टाकते आणि मजकूर सर्वांना खुला करते. अपघात आणि गुन्हे यांना यातून सूट नाही. हेतू नसताना झालेला नियमभंग दहा दिवसांच्या आत कळवला असेल, तर सर्वसाधारणपणे दंडातून सवलत मिळते. मला यातली हुशारी अशी वाटते की त्यांनी चूक सांगणं आणि शिक्षा भोगणं यांची गाठ सोडवली, पण बेफिकिरीला मोकळीक दिली नाही. जेम्स रीझन यांनी १९९० च्या दशकात हेच तत्त्व रूढ केलं. माणूस घसरला, त्यानं जोखीम ओढवून घेतली, की त्याला कशाची पर्वाच नव्हती, या तिन्हींना एकाच दोरीनं बांधायचं नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात जबाबदारी म्हटलं की पहिलं नाव लालबहादूर शास्त्रींचं येतं. १९५६ साली महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर त्यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत अरियलूरजवळ पुरानं खचलेल्या पुलावरून गाडी कोसळली, दीडशेच्या आसपास माणसं गेली आणि या वेळी ते खरोखर पायउतार झाले. त्या कृतीबद्दल मला नितांत आदर आहे. पण पुढच्या पिढ्यांनी तिचं जे केलं ते मला पटत नाही. 'नैतिक जबाबदारी' हा शब्द आपण मागणी म्हणून वापरतो, आणि राजीनामा आला, नाहीतर एखादा कनिष्ठ अभियंता निलंबित झाला, की प्रकरण मिटलं असं मानतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं बांधकाम सुरू असलेलं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पुणं बुडालं. पाणी कुठवर चढलं होतं ते पुण्यातली जुनी माणसं आजही बोटानं दाखवतात. धरणाचं काम अपुरं असताना त्यात पाणी कसं आणि का साठत गेलं, हे सांगू शकणारी विरळाच. चौकशीचे अहवाल पुढच्या अभियंत्याच्या हाती धड्यासारखे पडले पाहिजेत, शाळकरी भाषेत यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तपशिलासह चूक सांगण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण गांधीजींचं. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं काढून त्याचं कर्ज फेडल्यावर त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहिली. तीत काय केलं ते होतं, शिक्षेची मागणी होती आणि पुन्हा न करण्याचा शब्द होता. वडील आजारी होते. उठून बसले, चिठ्ठी वाचली, रडले आणि ती फाडून टाकली. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धच्या आंदोलनात हिंसा उसळली, तेव्हा नडियादच्या सभेत त्याच माणसानं आपली चूक डोंगराएवढी असल्याचं सांगितलं. इंग्रजीत ती हिमालयाची झाली आणि मराठीतही तशीच रुळली. पण आपण त्यातला डोंगर तेवढा लक्षात ठेवतो आणि चूक विसरतो. त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं? कायदे स्वेच्छेनं पाळायची सवय ज्यांना नाही, त्यांना कायदेभंग करायला मी बोलावलं. चूक अशी मांडली की पुढचं काम त्यातच लिहिलेलं असतं. त्यांनी मुंबईत स्वयंसेवक तयार करायला घेतले. फार जण टिकले नाहीत. तरी १९२२ साली चौरीचौरा घडल्यावर, चळवळ ऐन भरात असताना आणि सहकारी नाराज होत असताना ती थांबवायचं धैर्य त्यांच्याकडे होतं, त्याची बीजं मला नडियादमध्ये दिसतात.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेत हीच रीत घराणेदार झाली. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण ३१७ सेकंदांत समुद्रात संपलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळलं होतं. आढावा बैठकीत प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. बाहेर पत्रकारांसमोर मात्र अध्यक्ष सतीश धवन उभे राहिले. १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केलं. ही गोष्ट कलामांनी आयुष्यभर सांगितली. ती बहुतेकांना मोठेपणाची वाटते. मला त्यात कामाची विभागणी दिसते : बाहेरचे घाव वरिष्ठानं झेलले, म्हणून आत कनिष्ठांना खरं बोलता आलं. २०१९ साली चंद्रावर उतरू पाहणारं विक्रम हे यान तिथे आदळलं. २०२३ च्या उड्डाणाआधी संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी काय काय बिघडलं ते जाहीरपणे सांगितलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, यानानं किती वेगानं वळावं याला सॉफ्टवेअरनं मर्यादा घातली होती, उतरायची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. नव्या यानाला ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचं अंगण मिळालं, पाय मजबूत झाले, इंधन वाढलं. काय चुकू शकतं, इथून आराखडा सुरू झाला होता. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी ते सुखरूप उतरलं आणि आमच्या कॉलनीत फटाके वाजले. माझ्या डोळ्यांपुढे ती बिघाडांची यादी होती.

एक बाजू राहते आणि ती घरातली आहे. सगळ्याच कबुल्या जबाबदारीच्या नसतात. भाजी खारट झाली, मूल तापलं, पाहुण्यांना यायला उशीर झाला, तरी 'माझंच चुकलं' म्हणणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. ती कबुली भांडण टाळण्यासाठी असते आणि तीत तपशील कुठेच नसतो, कारण चूकच नसते. शिवाय जो खरा चुकला, त्याला ती आयती सोडवते. सगळं स्वतःवर घेणारं माणूस आणि काहीच न घेणारं माणूस एकाच छताखाली बहुधा जोडीनं आढळतात. अशा घरात कुणाच्याच हातून काही शिकलं जात नाही.

आमच्या संपादकांनी त्या पोस्टकार्डांनंतर एक लांबट वही आणली होती. तारीख, पान, चूक, कशी निसटली, पुढे काय करायचं, असे रकाने त्यांनी स्वतः आखले. पहिली नोंद त्यांनी स्वतःची केली, पाच वर्षांपूर्वीची, कुणालाच माहीत नसलेली. दुसरी माझी. 'पुढे काय करायचं' या रकान्यात मी लिहिलं होतं : आकडे असलेलं पान दोघांनी मिळून वाचायचं. ते शेतकरी महिनाभरानं कार्यालयात आले तेव्हा मी त्यांना ती वही दाखवली. त्यांनी नोंद बोटानं ओळ धरून वाचली आणि करपलेल्या सऱ्यांना नवी फूट आल्याचं सांगितलं.

आजही आकड्यांचं पान समोर आलं की मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारतो. ती मूळ प्रत धरते, मी प्रूफ.

"पंधरा लिटरला?"

"पाच."

"अक्षरी?"

"पाच मिलि. अक्षरी पाच."